घेणाऱ्याचे सुख, देणाऱ्याचे सुख : मराठी परिक्रमावाङ्मयासंबंधी एक विचार

जबलपूरपासून वीस-बावीस किलोमीटरांवर भेडाघाट येथे नर्मदा दोन परस्परविरुद्ध रूपे धारण करते. धुवाँधारच्या खडकावरून ती कोसळते तेव्हा तुषारांचा धूर उठतो आणि त्या धुरावरूनच प्रपाताला नाव पडले आहे. तेथून थोडे खाली येताच तीच नदी शंभर-शंभर फूट उंचीच्या संगमरवरी कड्यांमध्ये अंग चोरून घेते आणि जवळजवळ निःशब्दपणे वाहू लागते. हे कडे पौर्णिमेच्या रात्री नावेत बसून पाहावेत, असा प्रघात आहे. परिक्रमावासीयाला मात्र ही नाव वर्ज्य आहे. नदी सदैव उजव्या हाताला ठेवावयाची आणि समुद्रसंगमाखेरीज तिचे पात्र कोठेही ओलांडावयाचे नाही, हा त्याचा पहिला नियम. तो काटेकोरपणे पाळणारा मधल्या प्रवाहात नावेने जात नाही. ज्या दृश्यासाठी लोक लांबलांबून येतात ते त्याला काठावरून दिसेल तेवढेच लाभते. असे असूनही परिक्रमेवर लिहिणारे बहुतेक सर्व लेखक सुखाचीच भाषा बोलतात. हे सुख दर्शनाचे नसेल, तर ते कशाचे आहे?

हा प्रश्न केवळ धार्मिक नाही; तो वाङ्मयीनही आहे. गो. नी. दांडेकर यांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ १९५७ साली प्रसिद्ध झाली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ या पुस्तकाने फार मोठा वाचकवर्ग मिळविला. भारती ठाकूर यांचे ‘नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा’ त्याच काळातील परिक्रमेतून जन्मले, आणि जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांची पुस्तके अनुवादांच्या द्वारे मराठी वाचकांच्या घरी पोचली. एवढ्यावरून मराठीत परिक्रमेचा एक स्वतंत्र वाङ्मयप्रवाह निर्माण झाला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु भाविक वाचक त्याकडे पोथी म्हणून पाहतो आणि रसिक वाचक प्रवासवर्णन म्हणून. मूल्ये आचरणात आणल्याने माणूस सुखी होतो, या फार जुन्या आणि फार वेळा नुसत्या उच्चारल्या गेलेल्या विचाराची प्रत्यक्ष परीक्षा या पुस्तकांतून घडत असते, ही गोष्ट दोघांच्याही नजरेतून निसटते.

परीक्षा म्हणण्याचे कारण परिक्रमेच्या स्वरूपातच आहे. अमरकंटकापासून खंभातच्या आखातापर्यंत नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही तीर पायी चालावयाचे म्हणजे याच्या दुपटीहून अधिक वाट तुडवावी लागते. परंपरेने त्यासाठी तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितले आहेत. संग्रह करावयाचा नाही. गावाने दिलेल्या शिध्यावर वा भिक्षेवर राहावयाचे. चातुर्मासात एका ठिकाणी थांबावयाचे. भेटेल त्याला ‘नर्मदे हर’ म्हणावयाचे. अपरिग्रह, समत्व, कृतज्ञता हे शब्द व्याख्यानात उच्चारणे सोपे. येथे मात्र त्यांना दररोज सकाळी उठून झोळी बांधावी लागते. अपरिग्रह म्हणजे उद्याच्या पिठाची पुरचुंडी आज न बांधणे; समत्व म्हणजे पहिल्या घरी नकार मिळाल्यावर दुसऱ्या दारात त्याच स्वराने उभे राहणे. परिक्रमेने या तत्त्वांना दिनचर्येत बसविले, हेच तिचे वैशिष्ट्य.

आचरणाने माणूस कसा पालटतो, याचा विचार पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरांनी आपापल्या परीने केला आहे. बांधकाम करता करता जसा गवंडी घडतो, तसा न्यायाची कृत्ये करता करता मनुष्य न्यायी होतो, असे ॲरिस्टॉटलने मानले. आणि सुख ही लाभून जवळ ठेवावयाची वस्तू नसून सद्गुणानुसार चाललेली कृती आहे, असेही त्याचे प्रतिपादन होते. मराठीत या विचाराला अधिक सूक्ष्म रूप विनोबांनी दिले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर जी प्रवचने केली आणि जी साने गुरुजींनी टिपून घेतली, त्यांत कर्माला ‘विकर्मा’ची जोड हवी, असे सांगितले आहे. बाहेरच्या कृतीशी आतल्या चित्ताचा मेळ बसला की कर्माचे ओझे उतरते. याच्या उलट, चित्त जोडले गेले नाही तर तीच कृती रूक्ष उपचार होऊन राहते. परिक्रमावाङ्मयाचा कस लावण्यास ही कसोटी चांगली आहे. लेखकाने नियम पाळला की नाही, हे चरित्रकाराने पाहावे. नियमाचे ओझे कोणत्या क्षणी उतरले आणि ते शब्दांत कसे आले, हे पाहणे समीक्षकाचे काम.

परंतु येथेच रूपाची एक अडचण उभी राहते. दररोज आचरलेले मूल्य घटनाशून्य असते. आज भिक्षा मागितली, उद्याही मागावयाची. आज पाय धुऊन ओसरीवर पडले, उद्याही पडावयाचे. कथनाला मात्र अपूर्व काही हवे असते. सदाचाराचे खरे सुख पुनरावृत्तीत असते आणि वाचकाचे कुतूहल अपवादात. या ओढाताणीतून परिक्रमेच्या लेखकासमोर दोन मोह येतात : एक चमत्काराचा आणि दुसरा निसर्गशोभेचा. प्रत्येक लेखकाने या मोहांशी कसा व्यवहार केला, यावर त्याच्या लेखनाची उंची बहुतांशी अवलंबून आहे.

दांडेकरांची सिद्धता या बाबतीत फार मोठी होती. तेराव्या वर्षी घर सोडलेला हा लेखक नर्मदेकाठी चालला, त्याआधी गाडगे महाराजांच्या सहवासात वावरला होता. ही गोष्ट त्याच्या चरित्रातील एक तपशील म्हणून सोडून देता येत नाही. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) तत्त्वज्ञानाला खराटा दिला. ज्या गावी रात्री कीर्तन करावयाचे, ते गाव दिवसा झाडावयाचे. भक्तांनी दिलेल्या पैशातून स्वतःसाठी काही न ठेवता धर्मशाळा, घाट आणि शाळा उभ्या करावयाच्या. मूल्य हे हाताने करावयाचे काम आहे, हा संस्कार घेऊन जो परिक्रमेला गेला, त्याला चमत्काराची आवश्यकता भासली नाही, यात नवल नाही. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या शीर्षकातच नायकाचे नाव गळले आहे. भिक्षेकऱ्याला नाव असून उपयोग नसतो. दारातल्या बाईला तो ‘परिक्रमावासी’ एवढाच ठाऊक असतो. अहंतेचा त्याग हा विषय पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच कृतीत उतरला आहे. त्याच सुमारास लिहिलेल्या ‘माचीवरला बुधा’ (१९५८) या कादंबरीतील बुधा मुंबई सोडून राजमाचीवर परततो आणि थोडक्यात सुखी होतो. दांडेकरांच्या सृष्टीत सुख हे नेहमी काही तरी खाली ठेवल्यावर मिळते, आणि खाली ठेवण्याची ती क्रिया कथेत दिसते, नुसती सांगितली जात नाही.

मात्र दांडेकरांच्या या सुखाला एक मर्यादाही आहे. ते मोकळ्या माणसाचे सुख आहे. ज्याच्यावर कोणाचा भार नाही, त्याला वाट जेवढी सहज आपली म्हणता येते तेवढी ती चूल सांभाळणाऱ्याला म्हणता येत नाही. भ्रमंतीचे माधुर्य काही अंशी अशा निर्भारतेतून येते, हे विसरून त्याला मूल्याचरणाचे फळ मानणे थोडे घाईचे ठरेल.

कुंट्यांच्या ‘नर्मदे हर हर’ने अनेकांना घराबाहेर काढले. या पुस्तकाचा प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. त्याची बोलती, बेधडक भाषा हे त्याचे बळ आहे. परंतु वाचकांच्या स्मरणात सर्वाधिक राहिला तो शूलपाणीच्या अरण्यातील अश्वत्थाम्याचा प्रसंग. तो खरा की भास, हा वाद समीक्षेच्या कक्षेतील नाही. समीक्षेला विचारावयाचे ते एवढेच, की या प्रसंगाने पुस्तकाच्या तोलाचे काय झाले? चिरंजीव भेटतो तेव्हा भाकरी देणारा सामान्य गावकरी पार्श्वभूमीत ढकलला जातो. श्रद्धेचा पुरावा कृतीतून निघून घटनेत जाऊन बसतो. पुढे तोच प्रसंग आपल्यालाही घडावा, या अपेक्षेने वाटेला लागणारा वाचक परिक्रमेच्या मूळ शिकवणीच्या उलट्या दिशेने चालू लागतो; कारण काही मिळावे म्हणून चालणे हाही एक संग्रहच. मर्ढेकरांनी ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) या पुस्तकात लेखकाच्या आत्मनिष्ठेला जे महत्त्व दिले, त्या दृष्टीने पाहता कुंटे प्रामाणिक आहेत, असे म्हणता येईल. तथापि अनुभवाशी प्रामाणिक राहणे आणि अनुभवांतील लहानमोठ्याचा विवेक करणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरीवाचून पहिलीला कलेचे रूप येत नाही.

दुसरा मोह निसर्गशोभेचा, आणि त्याचे आकर्षण भेडाघाटाइतके प्रबळ दुसरीकडे क्वचितच असेल. अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) हे जबलपूरचेच. शांतिनिकेतनात नंदलाल बसूंच्या हाताखाली शिकलेल्या या चित्रकाराने पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९७७ साली, परिक्रमा सुरू केली. ती त्यांनी सलग केली नाही. नोकरी, घर आणि संसार सांभाळून, जमेल तेव्हा थोडा टप्पा चालावयाचे, परत यावयाचे आणि पुन्हा तेथूनच पाऊल टाकावयाचे, असा त्यांचा क्रम. परंपरेच्या दृष्टीने ही खंडपरिक्रमा. परंतु मूल्याच्या दृष्टीने पाहता येथे एक महत्त्वाची गोष्ट साधली आहे. दांडेकरांचा भ्रमणकर्ता घर सोडून सुखी होतो, तर वेगड ते सुख घरी घेऊन येतात. त्यांनी स्वतःला सौंदर्याचा उपासक म्हणविले, म्हणून त्यांच्या हातून निव्वळ शोभावर्णन व्हावे, असा धोका होता. तो टळला याचे कारण त्यांची रेखाटने. चित्रकाराची दृष्टी कड्यावर जितकी खिळते, तितकीच पाणी भरणाऱ्या बाईच्या कमरेच्या वळणावर आणि ओझे वाहणाऱ्याच्या मानेवरही खिळते. त्यांच्या पानांत नर्मदा माणसांवाचून क्वचितच दिसते. जबलपूर ते मंडला हा त्यांचा पहिलाच टप्पा; पुढे बरगीच्या धरणाने त्या वाटेचा मोठा भाग पाण्याखाली घेतला. जे डोळ्यांनी पाहिले ते आता कोणीच पाहू शकणार नाही, ही जाणीव त्यांच्या सौंदर्यभक्तीला नैतिक वजन देते.

दांडेकर, कुंटे आणि वेगड यांच्यात एवढे भेद असले तरी एका गोष्टीत तिघेही सारखे आहेत. तिघेही घेणारे आहेत. परिक्रमेचे सारे वाङ्मय, अपवाद वगळता, घेणाऱ्याने लिहिले आहे. पीठ, डाळ, मीठ यांचा शिधा देण्याच्या प्रथेला नर्मदेकाठी ‘सदाव्रत’ म्हणतात. मराठीतील ‘सदावर्त’ तेच. या शब्दातील ‘सदा’ फार अर्थपूर्ण आहे. परिक्रमावासी एका दारी एकदाच जातो, परंतु त्या दारी मात्र परिक्रमावासी रोज येतो. मूल्य दैनंदिन आचरणात आणणे, या शब्दांचा अक्षरशः अर्थ घ्यावयाचा तर त्याचा खरा नायक चालणारा नसून थांबलेला आहे. तिच्या घरी दोन भाकरी असतात आणि त्यांतली एक पानावर पडते. हे ती अंगण सारवण्याइतक्या सहजतेने करते. तिला कोणी सुखाविषयी विचारले तर तिला तो प्रश्नच कदाचित कळणार नाही. कारण तिचे सुख तिच्या कामापासून अलग होऊन तिच्यासमोर कधी उभे राहिलेलेच नसते. विनोबांच्या परिभाषेत बोलावयाचे तर विकर्म कर्मात इतके मुरले आहे की ओझे उरलेले नाही. या सुखाला वाङ्मयात किती जागा मिळाली?

भेडाघाटाच्या मातीतच या प्रश्नाचे एक जुने रूप सापडते. धुवाँधारपासून जवळच, टेकडीवर, चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर आहे. कलचुरींच्या या प्रदेशात राजा गयाकर्णाची विधवा राणी अल्हणदेवी हिने आपल्या पुत्राच्या, नरसिंहाच्या, कारकिर्दीत शिवमंदिर बांधले. त्याला मठ, अध्ययनशाळा आणि उद्याने जोडली. कलचुरी संवत् ९०७ चा, म्हणजे सुमारे ११५५ सालचा, भेडाघाटचा शिलालेख त्याची साक्ष देतो. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरी-चेदि संवताच्या लेखांचा जो खंड १९५५ साली संपादित केला, त्यामुळे या राजवंशाचे दान विद्वानांच्या अभ्यासाचा विषय झाले. राणीच्या दानाला शिला मिळाली, प्रशस्ती रचणारा कवी मिळाला, आठ शतकांनी संपादक मिळाला. मूठभर पीठ देणाऱ्या बाईला यांतले काहीच मिळाले नाही. तिची प्रशस्ती लिहिण्याचे काम, कोणी सोपविले नसले तरी, परिक्रमावाङ्मयाकडे आले होते. ते काम त्याने अर्धवटच पार पाडले आहे. बहुतेक पुस्तकांत ती येते ती ‘मैयाने पाठविली’ म्हणून. भक्ताच्या दृष्टीने हे खरे असेल. तथापि देण्याचे श्रेय नदीला दिले की देणारीचे कष्ट, तिचा निर्णय, तिने स्वतःच्या घासातून काढलेला भाग हे सारे अदृश्य होते. कृतज्ञता जेव्हा माणसाला ओलांडून थेट देवापाशी पोचते, तेव्हा ती थोडी स्वस्त होते.

घेणाऱ्याने लिहूनही देणाऱ्याला केंद्रस्थानी आणता येते, याचा आदर्श मराठीत फार दूर शोधावा लागत नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. बेचाळीस रात्रींच्या त्या कथनात सांगणारा श्याम हा घेणाराच आहे. तरीही प्रत्येक रात्रीचा प्रकाश पडतो तो आईवर, आणि तोही तिच्या उपदेशापेक्षा तिच्या रोजच्या लहानसहान कृतींवर अधिक. पुनरावृत्तीची जी अडचण वर सांगितली, ती गुरुजींनी रूपाच्या बळावर सोडविली : रोजच्या आचरणाला त्यांनी रोजच्या कथेची लय दिली. त्या पुस्तकातील भावविवशतेवर पुष्कळ आक्षेप घेतले गेले आहेत आणि त्यांतील काही रास्तही आहेत. परंतु मूल्य कोठे राहते, या प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर अचूक आहे. ते स्वयंपाकघरात राहते, आणि दारिद्र्य वाढत गेले तरी तेथून हलत नाही.

या पार्श्वभूमीवर भारती ठाकूर यांच्या लेखनाचे महत्त्व ध्यानात येते. नाशिकच्या या लेखिकेच्या परिक्रमावर्णनात ओसरीवरची माणसे ठसठशीत आहेत. परंतु त्याहून मोलाची गोष्ट अशी की तिची कथा परिक्रमेपाशी संपत नाही. ज्या काठाने खाऊ घातले, त्या काठावरच्या मुलांना शाळा नीटशी लाभत नाही, हे पाहिल्यावर त्या निमाडात, खरगोन जिल्ह्यातील लेपा गावी जाऊन राहिल्या आणि ‘नर्मदालय’ या नावाने शिक्षणाचे काम उभे केले. ‘गोष्ट नर्मदालयाची’ हे पुस्तक त्याची कथा सांगते. वाङ्मयीन गुणांचा हिशेब केला तर दांडेकरांच्या शैलीचे सामर्थ्य येथे नाही. गद्य साधे, काही ठिकाणी अहवालाच्या जवळ जाणारे. परंतु दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली की घेणाऱ्याचे देणारीत रूपांतर होताना दिसते. आणि या रूपांतरामुळे पहिल्या पुस्तकातील सुखालाही मागाहून एक वेगळा अर्थ येतो. घेताना वाटलेले सुख हे ऋण होते, ही ती जाणीव. मराठी परिक्रमावाङ्मयात ही जाणीव इतक्या स्पष्टपणे कृतीत क्वचितच उतरली आहे.

येथे एक आक्षेप विचारात घेणे अवश्य आहे. देणाऱ्याच्या सुखाचे गुणगान करताना त्याच्या दारिद्र्याचे उदात्तीकरण होत नाही काय? हा धोका खराच आहे. देण्यासाठी शेत लागते, धान्य लागते, घर लागते. बरगीचे धरण १९९० च्या सुमारास पूर्ण झाले. सरदार सरोवराची भिंत २०१७ साली १३८.६८ मीटरांच्या पूर्ण उंचीने कार्यान्वित झाली. या जलाशयांखाली परिक्रमेची वाट गेली, तशीच ती सदावर्त चालविणारी घरेही गेली. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत नर्मदा महाराष्ट्राची सीमा होऊन वाहते. तेथील आदिवासी गावेही या बुडितात आहेत. ज्याचे शेत बुडाले त्याने सदावर्त कशातून चालवावे? मूल्याचरणाने सुख लाभते, हे वाक्य परिस्थितीपासून तोडून उच्चारले की ते निर्दय होते. दारिद्र्यातही ती देते, यात तिचे मोठेपण आहे. ती दारिद्र्यात आहे, यात कोणाचेच मोठेपण नाही. हा भेद जो लेखक राखतो, त्याच्याच हातून देणारीची प्रशस्ती खोटी होत नाही. म्हणून परिक्रमेचा यापुढचा लेखक ओसरीवर बसेल तेव्हा त्याने पानातील भाकरीबरोबर त्या घराचे शेतही पाहावे, आणि ते कोठे गेले असेल तर तेही लिहावे.

ओंकारेश्वराहून दक्षिण तीराने निघालेला परिक्रमावासी भेडाघाटाला पोचतो तेव्हा समुद्र मागे पडलेला असतो. तो उत्तर तीराने प्रवाहाच्या उलट, अमरकंटकाकडे चाललेला असतो. त्याला आधी कड्यांची निःशब्द घळ लागते आणि मग प्रपाताचा घोष. नावेतल्या प्रवाशांना दिसणारे दृश्य त्याला दिसत नाही, याची खंत करण्याचे त्याला कारण नाही. संध्याकाळी कोणाच्या तरी दारात उभे राहावयाचे आहे आणि तेथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. परिक्रमेच्या वाङ्मयाने कड्यांचे आणि प्रपाताचे वर्णन आजवर पुष्कळ केले. त्या दाराच्या आत त्याने अजून पुरेसे पाहिलेले नाही.